दुसरा दोर

तात्या,

तुमची एक गोष्ट मी चारचौघांत सांगितली. तुम्हाला न विचारता. विचारायला तुम्ही नाही हे खरं, पण सांगून झाल्यापासून सारखं वाटतंय की निदान कळवायला तरी हवं. माझ्याकडून कळायला हवं. आपल्या सणसरला कुणीतरी बोललं आणि ते तुमच्यापर्यंत आलं, असं व्हायला नको. मेलेल्या माणसापर्यंत काही जात नाही हे मलाही कळतं, तरी लिहायला बसले आहे. बारामतीच्या घरी दुपारची वेळ आहे, नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेली आहे, आणि आज मला कुठल्या साइटवर जायचं नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. काविळीनं गेलात, आपल्या घरातल्या खाटेवर, त्यामुळं मी पुढं काय झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. मी साइटवर जाते, तात्या. बारामतीच्या एमआयडीसीत, भिगवणच्या रस्त्याला, इंदापूरकडं, जिथं नवा कारखाना किंवा गोदाम उभं राहत असेल तिथं. मोठं काम एकाच कंपनीनं घेतलेलं असतं, पण तिच्या हाताखाली आपापल्या कामातले छोटे ठेकेदार असतात. पत्रे मारणारे, वेल्डिंगवाले, वायरिंगवाले, रंगवाले. तुमच्यासारखे. या छोट्या लोकांच्या कामाची सुरक्षा तपासायची, ही माझी नोकरी. परांची नीट बांधली आहे का, दोर कुठं झिजलाय का, उंचावर जाणाऱ्यानं पट्टा लावलाय का, आणि लावला असेल तर तो नुसताच अंगावर आहे की कशाला अडकवलाय. ठीक असलं तर मी सही करते आणि काम सुरू होतं. नसलं तर होत नाही. लोक मला सेफ्टीवाली मॅडम म्हणतात, तोंडावर. पाठीमागं काय म्हणतात तेही ऐकू येतं, कारण मोकळ्या साइटवर आवाज लांबपर्यंत जातो.

आणि या कामात मला सगळ्यात जास्त आडवं कोण येत असेल, तर तुम्ही. या दोन तालुक्यांत उंचावर काम करणारा जुना माणूस असा नाही ज्याला तुम्ही ठाऊक नाही. कारखान्याचं धुराडं रंगवायचं तर सणसरच्या तात्याला बोलवा, असं म्हणायचे. गाळप संपलं, उन्हाळा लागला की तुम्ही बाहेर पडायचा, या कारखान्यावरून त्या कारखान्यावर, आणि पाऊस तोंडावर येईतो घरी नसायचा. दोराला बांधलेली एक फळी, तिच्यावर तुम्ही बसलेले, मांडीशी रंगाचा डबा. पट्टा नाही, टोपी नाही, पायात चप्पलही नाही. ती गोष्ट अजून चालू आहे. मी एखाद्याला पट्टा लावायला सांगते आणि तो हसून म्हणतो, "मॅडम, तुमचं वडील तर बिनपट्ट्याचं धुराड्यावर चढायचं. कवा पडलं का?"  मी गप्प राहायचे, आणि सही करायची नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

मला तुमचे हात आठवतात. कोपरापर्यंत चांदीचे. टाक्यांना लावायचा तो रुपेरी रंग रॉकेलनं धुऊनही नखांच्या कडांना राहायचा, आणि आई साबणानं पुन्हा धुवायला लावल्याशिवाय तुम्हाला भाकरीच्या टोपल्याला हात लावू द्यायची नाही. उरलेला रंग तुम्ही घरी आणायचा, त्यामुळं आपल्या घरात सगळंच चांदीचं होतं. दार, खिडक्यांचे गज, धान्याची कणगी, पाण्याचा पिंप, अगदी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा. शाळेत पोरी मला चांदीच्या घरातली म्हणायच्या. मला त्याची लाज वाटायची आणि थोडी ऐटही.

एकदा मी गावच्या पाण्याच्या टाकीवर चढले होते. बरोबरच्या पोरींना दाखवायचं होतं की मी कुणाची मुलगी आहे. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पोचले आणि खाली बघितलं, तर तुम्ही उभे. ओरडाल असं वाटलं. तुम्ही अगदी साध्या आवाजात, जसं काही मी ओसरीवर बसले आहे, म्हणालात, "हात नको बदलू. आता डावा पाय खाली घे. आता उजवा." असं एकेक पाऊल सांगत मला जमिनीवर आणलंत. आणि जमिनीला पाय लागल्यावर मग जी एक वाजवलीत, ती अजून आठवते. "माझ्या पोरीनं वर चढायचं न्हाय," म्हणालात. "आपल्या घरात चढाय मी हाय." वर असलेल्या माणसावर ओरडायचं नाही, हे मी त्या दिवशी तुमच्याकडून शिकले, आणि साइटवर ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. वर चढायचं नाही, हे मात्र मी पाळलं नाही.

आणि मग ते वर्ष, ज्या उन्हाळ्यात तुम्ही मध्येच घरी आलात. मी तेव्हा सातवीत असेन. तुम्ही लांबच्या एका कारखान्यावर गेला होता, पार कर्नाटकाच्या अंगाला. एका सकाळी जीप दारात थांबली आणि काकांनी तुम्हाला धरून उतरवलं. काका म्हणजे शेळगावचे तुमचे भागीदार, तुमच्या शेजारच्या फळीवर बसणारे. डावा हात गळ्यात, बरगड्यांना पट्टी, चेहरा राखेसारखा. "फटफटी घसरली," काकांनी आईला सांगितलं. "पुलावर खडी हुती." आईनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. आत जाऊन तिनं पाणी तापायला ठेवलं.

तो माझा सगळ्यात आनंदाचा उन्हाळा होता, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही घरी होता. स्वयंपाकघरात पाटावर भिंतीला टेकून बसायचा, एका हातानं शेंगा फोडायचा आणि मला धडा मोठ्यानं वाचायला लावायचा. थोडं बरं वाटल्यावर उजव्या हातानं मला अभ्यासाचं टेबल रंगवून दिलंत. चांदीचंच. बारावीपर्यंत मी त्याच्यावर लिहिलं, आणि उन्हाळ्यात घामानं माझ्या कोपरांना चमक लागायची. तुमचा डावा हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. सदरा घालताना तुम्ही आधी तोच हात बाहीत सरकवायचा, मग उजवा. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तसेच पुन्हा कामावर गेलात. मला वाटायचं, मोटारसायकलवरून पडलेला माणूस धुराड्यावर कशाला घाबरेल?

आता यंदाचं सांगते. इंदापूरच्या बाहेर पशुखाद्याचा एक नवा कारखाना उभा राहतोय. मका साठवायच्या उंच लोखंडी टाक्या आहेत, आणि त्या बाहेरून रंगवायचं काम काकांना मिळालं. काका आता स्वतः चढत नाहीत. गुडघे गेले आहेत. पण गडी त्यांचे आहेत, शेळगावचे, सांगवीचे, आणि सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय. मी तपासणीला गेले तेव्हा ते टेम्पोच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले, आईची चौकशी केली, चहा मागवला. मी टाक्यांकडं बघितलं. फळ्या बांधून तयार होत्या. पण पट्टे टेम्पोतच पडलेले, आणि माणसाला बांधायचा दुसरा दोर जिथं होता तिथं तोही फळीच्या दोराबरोबर वरच्या त्याच एका नळीला बांधलेला. तात्या, तुमच्या वेळी हा दुसरा दोर नव्हता, म्हणून सांगते. फळी एका दोरावर असते आणि माणूस दुसऱ्यावर. पहिला तुटला तर दुसऱ्यानं माणूस धरायचा. दोन्ही एकाच जागी बांधले आणि ती जागाच निसटली, तर दुसऱ्याचा उपयोग काय?

"काका, हे असं चालणार न्हाय," मी म्हणाले. साइटवर मी शुद्ध बोलते, पण काकांशी बोलताना घरचीच भाषा तोंडात येते. "दुसरा दोर येगळ्या जागी बांधा. वरच्या कडंला दोर घासतोय, तितं गोणपाट घाला. आन् पट्टे टेम्पोत कशाला? अंगाव घाला की."

"आगं, समदं करू. तू आदी सही कर, मग करतो. उद्घाटनाची तारीख ठरलीय, त्यो म्यानेजर माज्या मानंव बसलाय."

"आदी करा. मग सही."

गडी ऐकत उभे होते. काका त्यांच्याकडं बघून हसले आणि मग तेच बोलले जे मी प्रत्येक साइटवर ऐकते. "हिचा बाप आन् मी एका धुराड्याव काम केल्यालं हाय. कसला पट्टा आन् कसलं काय. कवा पडला का त्यो? आन् ही बघा, त्याची पोरगी मला दोर शिकवती." सगळे हसले. दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मी काम थांबवल्याचं लिहून दिलं आणि निघाले. मागून काकांचा आवाज आला, हसण्याचा नव्हे, "पोरी, माज्या पोटाव पाय देतीस व्हय?" मी वळले नाही, कारण वळले असते तर कदाचित सही केली असती.

मॅनेजरनं आमच्या ऑफिसात फोन केला. साहेबांनी मला विचारलं, ते तुमच्या घरच्यासारखे आहेत ना, मग समजुतीनं घ्या ना जरा. मी म्हणाले, घरच्यासारखे आहेत म्हणूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा इंदापूरला गेले. काकांनी पट्टे टेम्पोतून बाहेर काढले होते, पण वर दुसरा दोर बांधायला दुसरी जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "बघून येते," मी म्हणाले. अंगावर पट्टा चढवला, पायऱ्यांच्या कडेनं जो दोर सोडलेला असतो त्याला तो अडकवला आणि टाकीची शिडी चढायला लागले. वर जागा होती. छताच्या मधोमध जाड लोखंडी कडी होती, टाकी उभी करताना क्रेननं उचलायला लावलेली. मी ती नीट बघितली, कंपनीच्या इंजिनिअरला फोन करून खात्री करून घेतली, फोटो काढले आणि उतरले.

खाली काका खुर्चीत नव्हते. टेम्पोच्या पलीकडं, टाकीकडं पाठ करून, मातीत बसले होते. दोन्ही हात डोक्यावर. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं. 

"आलीस व्हय खाली?" म्हणाले. "मला वर बघवंना. त्याला असाच बघितला हुता मी."

"कुणाला?"

"तुज्या बापाला. पडला हुता गं त्यो. गाडी न्हाय, बिडी न्हाय. मळीच्या टाकीवरनं पडला. मी बाजूच्या फळीव. दोर कडंला घासून तुटला. एक सबूद काढला न्हाय त्यानं. डबा वाजला खाली, म्हनून मी बघितलं, तर फळी मोकळी."

मी काकांच्या शेजारी मातीत बसले. त्यांनी सगळं सांगितलं. खाली कामगारांच्या सायकली लावायचा मांडव होता, पत्र्याचा. तुम्ही त्या पत्र्यावर आपटलात, पत्रा वाकला, आणि मग जमिनीवर. म्हणून वाचलात. दवाखान्यात शुद्ध आल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं, की गाडीवरून पडलो म्हणून सांगायचं. घरी पण आणि गावात पण. "त्यो म्हनला, पडल्याला मानूस म्हनून नाव झालं की पुन्यांदा धुराड्याचं काम कोन देतंय? मला शप्पत घाटली. म्या आजवर पाळली." आणि मग काका अगदी हळू म्हणाले, "आमाला पट्टा कुनी दिला न्हवता, पोरी. आन् मागितला असता, तर म्हनलं असते, भ्याला."

मी त्या दिवशी बारामतीला गेले नाही. इंदापुरातून थेट सणसरला गेले. आई अंगणात भेंडी निवडत बसली होती. मी तिला विचारलं, तात्या गाडीवरून पडले होते का. तिनं भेंडीचं देठ मोडलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गाडी मागनं घरी आली, तिला एक वरखडा न्हवता," ती म्हणाली. "आन् तुज्या बापाच्या मानंव, कानात, केसात चांदी लागल्याली. गाडीवरनं पडल्याव माती लागती. रंग कसा लागंल?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? बोलले असते तर मला म्हनावं लागलं असतं, आता जाऊ नगा. आन् मी म्हनलं असतं तरी ते गेलंच असतं. त्येंना काय जमिनीव करमायचं न्हाय." तिनं निवडलेली भेंडी टोपलीत सारली. मग म्हणाली, "दर उन्हाळ्याला मी जीपचा आवाज ऐकत बसायची. तुमी पोरं झोपायचा."

तात्या, मला तुमचा राग आला. तुम्ही पडलात याचा नाही, तुम्ही खोटं बोललात याचाही फारसा नाही. ते कामासाठी होतं हे मी समजू शकते. राग याचा आला की खांद्याच्या वर न जाणारा हात घेऊन तुम्ही पुन्हा फळीवर बसलात. एका हातानं रंग लावायचा तर दोर धरायला तुमच्याकडं दुसरा हातच नव्हता. मी तेव्हा तुमच्या चांदीच्या टेबलावर बसून गणितं सोडवत होते, आणि आई जीपचा आवाज ऐकत होती. तुमचं नाव मात्र वाढतच गेलं. कधी न पडलेला माणूस. आणि ते नाव ऐकून आज पोरं पट्टे टेम्पोत ठेवतात. त्या रात्री आईशेजारी अंथरुणावर पडल्या पडल्या मी ठरवलं. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही नको म्हणाला असता, आणि तरीही मी तेच केलं असतं.

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोळा करून दोन शब्द बोलायची आमच्याकडं पद्धत आहे. एरवी गडी जांभया देत ऐकतात. त्या दिवशीही देत होते. मी म्हणाले, "माझे वडील कधी पडले नाहीत असं तुम्ही सगळे म्हणता. ते पडले होते." जांभया थांबल्या. मी जे कळलं ते सगळं सांगितलं, कारखान्याचं नाव सोडून. मग म्हणाले, "ते काही अंगात कसब होतं म्हणून वाचले नाहीत. खाली पत्रा होता म्हणून वाचले. तो पत्रा तिथं कुणी त्यांच्यासाठी घातला नव्हता. सायकलींसाठी घातला होता. आता हितं खाली काय हाय ते बघा." सगळ्यांनी खाली बघितलं. टाकीच्या पायाभोवती काँक्रीट आहे, आणि काही ठिकाणी त्यातून सळया वर आलेल्या.

 मग सांगवीचा एक गडी काकांकडं वळून म्हणाला, "काका, परवा तर तुमी म्हनलात कवाच पडलं न्हाईत." मला वाटलं, आता काका मला खोटी पाडतील. तसं केलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता, शप्पत त्यांची होती आणि ती मी मोडली होती. काकांनी टोपी काढली, घाम पुसला आणि पुन्हा घातली. "व्हय, खोटं बोललो," ते म्हणाले. "पडला हुता. मी बाजूलाच हुतो. आता ती म्हनती तसं बांधा."

दुसरा दोर त्या कडीला बांधला. कडेवर गोणपाट घातलं. सळयांच्या टोकांना टोप्या घालायला लावल्या. पट्टे अंगावर आले, आणि कसे अडकवायचे ते मी एकेकाला स्वतः दाखवलं. मग सही केली. उद्घाटन थोडं पुढं गेलं, मॅनेजर माझ्याशी नीट बोलत नाही. काकांना या कंपनीचं पुढचं काम मिळेल की नाही, कोण जाणे. लगेच सगळे सुधारले असंही नाही. परवा मी न सांगता गेले तर एकानं पट्टा काढून मानेभोवती घेतला होता, उकडतंय म्हणून. त्याला आधी खाली बोलावलं, हळू आवाजात, एकेक पायरी. जमिनीवर आल्यावर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. धाकट्या चुलत्यांचा फोन आला. "मेल्याल्या मानसाची अब्रू काढतीस व्हय गं? गावात तात्याचं नाव हुतं." मी म्हणाले, "अण्णा, पडणं ही काय चोरी हाय का? दोर तुटला. त्यात अब्रूचं काय गेलं?" त्यांनी फोन ठेवला. यंदा दिवाळीला ते येणार नाहीत असं आई म्हणते. आईला त्याचं वाईट वाटतं. पण मी साइटवर काय बोलले ते तिनं माझ्याकडून दोनदा ऐकून घेतलं, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मध्येच म्हणाली, "चांदीचं बी सांग की त्येंना. कानातल्या." मी विचार करतेय, सांगावं.

कारण मी पुन्हा सांगणार आहे, तात्या. पुढच्या आठवड्यात बारामतीला एका शीतगृहावर पत्रे मारणाऱ्यांची तपासणी आहे, आणि त्यातला जुना ठेकेदार तुम्हाला ओळखतो. तो तेच बोलणार, कवा पडलं का. या वेळी मी गप्प राहणार नाही. जिथं जिथं तुमचं न पडलेलं नाव पोचलंय तिथं मी हे घेऊन जाईन. कुणाला वाईट वाटेल, तुम्हालाही वाटेल. वाटू दे. धुराडी तुम्हीच रंगवलीत, भल्याभल्यांचे पाय कापतात तिथं तुम्ही बसलात, ते कुणी पुसू शकत नाही आणि मला पुसायचंही नाही. पण माझ्या सहीच्या साइटवर कुणाच्या बायकोनं जीपचा आवाज ऐकत बसायचं नाही.

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार होते. आता नाही दाखवणार, आणि कुठं ठेवणारही नाही. कारण एक गोष्ट राहिलीय. काल रंगाचं काम पूर्ण झालं म्हणून शेवटच्या तपासणीला टाकीवर चढले होते. कडी बघितली, कडा बघितल्या, काम दहा मिनिटांचं होतं. पट्टा अडकवलेला होता, नीट. मग मी वर बसून राहिले. तिथून उजनीचं पाणी दिसतं, त्याच्या काठानं ऊस आणि केळी, रस्त्यावरच्या गाड्या बारीक होऊन जातात आणि त्यांचा आवाज येत नाही. वारा होता. खालून कुणीतरी हाक मारली, मॅडम, झालं का, आणि मी झालं नाही म्हणाले. झालं होतं. मला खाली यायचं नव्हतं.